अर्टिगा: जुनी १.३ डिझेल ठेवायची की नवी सीएनजी घ्यायची?

कृष्णाकाठ
२०१४ ची अर्टिगा व्हीडीआय (डिझेल व्हेरियंट), रनिंग १ लाख ३८ हजार, गाव कराड. वर्षाला साधारण १२ हजार किलोमीटर. त्यातलं निम्मं कराड-सातारा-कोल्हापूर, उरलेलं सुट्ट्यांत कुंभार्ली घाटमार्गे चिपळूण आणि पुढे कोकण. तेव्हा गाडीत सात जण असतात, वर सामान. नवी अर्टिगा सीएनजी घ्यावी असा घरात सूर आहे, कारण "गॅसवर चालवणं फुकटात पडतं". इथल्या जाणकारांनी दोन्ही गाड्या समोरासमोर ठेवून सांगावं. क्लच थोडा जड झालाय, बाकी गाडी ठीक आहे. एसयूव्ही घ्या असा सल्ला कृपया नको.

तेरा_चौदा_पाना
आधी कागदावरचं घेऊ.

तुमच्याकडचं इंजिन १२४८ सीसीचं, फियाटच्या परवान्यावर बनलेलं, व्हीजीटी टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारा, आतल्या पात्यांचा कोन बदलणारा पंखा) असलेलं. ताकद ९० पीएस, आणि २०० एनएम टॉर्क (ओढ) १७५० आरपीएमलाच (इंजिनाचे मिनिटाला फेरे) हातात. नव्या गाडीत १४६२ सीसीचं के१५सी पेट्रोल आहे. पेट्रोलवर १०३ पीएस आणि १३७ एनएम, गॅसवर ८८ पीएस आणि १२१.५ एनएम. तेही ४२०० आरपीएमला. मारुतीने १ एप्रिल २०२० पासून डिझेल बंदच केलं, त्यामुळे नव्यात डिझेलचा पर्याय नाही.

बॉडी २०१८ च्या नोव्हेंबरात पूर्ण बदलली. लांबी ४२६५ वरून ४३९५ मिलिमीटर, रुंदी १६९५ वरून १७३५. व्हीलबेस मात्र तोच, २७४०. म्हणजे वाढलेली लांबी बहुतेक मागे गेली. तिन्ही रांगा उभ्या असताना डिकी १३५ लिटरवरून २०९ वर गेली ती त्यामुळेच. टायर दोन्हीला १८५/६५ आर१५, पेट्रोल-डिझेलची टाकी ४५ लिटर, पुढे डिस्क, मागे ड्रम. यात काही फरक नाही.

आता मेख. ते २०९ लिटर पेट्रोल गाडीचे आहेत. सीएनजीत तिथे ६० लिटरचा सिलिंडर आडवा बसतो. त्याच्या बाजूला चपला आणि एखादी मऊ पिशवी राहते, ट्रॉली बॅग नाही. सात जण बसवायचे तर सामान टपावर, नाहीतर मांडीवर. तुम्ही अर्टिगा घेतली ती ज्या कामासाठी, तेच काम गॅसवाली अर्धं करते.

जमाखर्च
"फुकटात पडतं" याचा हिशोब मांडतो. भाव जिल्ह्याप्रमाणे बदलतात, आपापले आकडे टाकून बघा.

समजा डिझेल ९१ रुपये आणि जुन्या गाडीचं खरं ॲव्हरेज १७. किलोमीटरला ५.३५ रुपये. समजा सीएनजी ८८ रुपये किलो आणि मिळणारं ॲव्हरेज २३. (कंपनीचा आकडा २६.११ आहे, तो एसी लावून सात माणसांत मिळत नाही.) किलोमीटरला ३.८३. फरक १.५२. वर्षाला १२ हजार किलोमीटर धरले तर वाचतात १८ हजार २४० रुपये.

जुनी देऊन नवी घेताना वरून ९ लाख घालावे लागले असं धरा. नुसत्या इंधनावर ते वसूल व्हायला ४९ वर्षं लागतील. त्याच ९ लाखांची बँकेत ठेव ठेवली तर सात टक्क्यांनी वर्षाला ६३ हजार व्याज येतं, त्यात जुन्या गाडीचं डिझेलसुद्धा जवळपास निघतं (१२,००० × ५.३५ = ६४,२००).

तेव्हा इंधन वाचवण्यासाठी म्हणून ही गाडी घेऊ नका. दुसरं कारण असेल तर जरूर घ्या. ज्यांचं रनिंग वर्षाला ४० हजारांच्या वर आहे, त्यांचं गणित वेगळं. म्हणून तर टॅक्सीवाले डोळे झाकून सीएनजी घेतात.

सह्यवाटा
@जमाखर्च, हिशोब बरोबर, पण जुन्या गाडीचा दुरुस्तीखर्च शून्य धरलात. ११ वर्षांच्या डिझेलला तसं चालत नाही.

जमाखर्च
मान्य. वर्षाला २५-३० हजार जास्तीचे धरा. तरी निकाल बदलत नाही.

सह्यवाटा
घाटाबद्दल लिहितो, कारण कुंभार्लीचा उल्लेख आला.

टॉर्कचा २०० विरुद्ध १२१ असा सरळ मुकाबला लावू नका. पेट्रोल गाडीचे गिअर आखूड असतात, चाकापर्यंत पोचेतो फरक बराच कमी होतो. खरा फरक कुठे, तर घाटाच्या पायथ्याच्या पोफळीपासून वर चढताना तिसऱ्या गिअरमध्ये. डिझेल तिसऱ्यात २००० च्या पुढे असेल तर सात माणसं घेऊन शांतपणे ओढते. सीएनजीला तिथे दुसरा लागतो, इंजिन ३५००-४००० वर ओरडत राहतं. गाडी चढते, अडत नाही. पण मागे बसलेल्यांना वाटतं काहीतरी बिघडलंय.

उलटी बाजूही सांगायला हवी. जुन्या १.३ चं दुखणं म्हणजे टर्बो भरायच्या आधीचा खड्डा. आखूड वळणावर समोरून एसटी आली, तुम्ही दुसऱ्यात असताना वेग १२-१५ वर आला आणि इंजिन १२०० च्या खाली गेलं की ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबूनही काही होत नाही. गाडी थरथरते आणि बंद पडते. मग लोक हाफ क्लचवर ओढतात. जड झालेला क्लच बऱ्याचदा तिथलाच असतो. तिथे सरळ पहिला टाकायचा, लाज वाटून घ्यायची नाही. पेट्रोल-सीएनजी इंजिन याच वळणावर १२०० वरूनही विनातक्रार उचलतं. नव्या गाडीला हिल होल्ड आहे, चढावर थांबून निघताना ब्रेकवरून पाय उचलल्यावर गाडी क्षणभर धरून ठेवते. जुनीत हँडब्रेकचं कसब लागतं.

गॅसवर चालवत असाल तर घाट सुरू व्हायच्या आधी सपाटीवरच स्विच दाबून पेट्रोलवर या. १५ पीएस आणि १५ एनएम जास्त मिळतात. चढावर फुल लोडमध्ये बदलू नका, बदलताना एक झटका बसतो आणि तो नेमका वळणावर बसतो.

अबोली_रत्ना
सिलिंडर ६० लिटरचा म्हणजे ६० लिटर गॅस नव्हे, हे पहिल्यांदा घेणाऱ्यांना कोणी सांगत नाही. ते आत मावणाऱ्या पाण्याचं माप. २०० बार दाबाला त्यात नऊ-साडेनऊ किलो बसायला हवा, पण भरताना गॅस तापतो, दाब लवकर चढतो आणि नोझल आधीच कट होतं. हातात आठ-साडेआठ किलो. २२ चं ॲव्हरेज धरलं तर १८०-१८५ किलोमीटर. दुपारच्या उन्हात, लागोपाठ गाड्या भरून पंपाचा दाब पडलेला असताना आणखी कमी. पहाटे भरलात तर जास्त बसतो.

म्हणजे चिपळूणच्या पुढे गुहागर-दापोली करून परतताना कुठेतरी रांगेत उभं राहायचंच, आणि भरताना सगळ्यांनी खाली उतरायचं. म्हातारी माणसं आणि झोपलेली मुलं बरोबर असली की हे सोपं नाही. पेट्रोलची ४५ लिटरची टाकी आहे म्हणून अडकणार नाही, पण कोकणातले किलोमीटर पेट्रोलवर गेले तर @जमाखर्च यांचे १८ हजार आणखी घटले.

टॉर्क२००
सगळे इंधनावरच बोलताहात. तिसऱ्या रांगेबद्दल कोणीतरी लिहा.

अबोली_रत्ना
लिहिते. जुनीत तिसऱ्या रांगेत मोठा माणूस बसला की गुडघे छातीशी येतात, खांदे खिडकीला घासतात. नवीत खांद्याला जागा आहे, पाठ थोडी मागे कलते, डोकं छताला लागत नाही. मधली रांग दोन्हीत पुढे-मागे सरकते. खरी परीक्षा अशी: मधली रांग मागे ढकलून, तिच्यात माणूस बसवून, मग तिसरीत बसा. शोरूममध्ये मधली पुढे सरकवून दाखवतात, त्यावर जाऊ नका. एसी फुल करून मागे दहा मिनिटं बसा. झोत मागच्यांच्या तोंडावर येतो की केसांवरून जातो ते तिथेच कळतं.

तिसरी रांग पाडली की नवीत ५५० लिटर मिळतात. पण तेही पेट्रोलवालीत. सीएनजीत पाडलेल्या पाठीच्या मागे सिलिंडर असतोच, सपाट फळी होत नाही. लग्नाचं सामान, आंब्याच्या पेट्या, फ्रीज असं काही आणायचं असेल तर हे आत्ताच लक्षात घ्या.

तेरा_चौदा_पाना
जुनी विकायची की ठेवायची हे इंजिनाला विचारा. एका सकाळी या पाच गोष्टी बघून होतात. गाडी रात्रभर गार असली पाहिजे, वर्कशॉपमध्ये आधीच गरम करून ठेवलेली चालणार नाही.

पहिलं, बॉनेट उघडं ठेवून दुसऱ्याला स्टार्ट मारायला सांगा. या इंजिनाला टायमिंग चेन आहे, बेल्ट नाही. "चेनला काही बघावं लागत नाही" हे अर्धसत्य. तेल १० हजाराला बदललं नाही तर चेन ताणते आणि टेन्शनर (चेन ताठ ठेवणारा भाग) दमतो. सुरुवातीला सेकंद-दोन सेकंद खडखड क्षम्य आहे, तेलाचा दाब यायला तेवढा वेळ लागतो. त्यापुढे चालू राहिली तर चेन किट धरा.

दुसरं, इंजिन आयडलला असताना तेल भरायचं झाकण सैल करून नुसतं वर ठेवा. किंचित थरथरलं तर ठीक. उड्या मारायला लागलं आणि खालून पांढरट धूर भकाभका आला तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात. मग बाकीचं बघायची गरज नाही, गाडी विका.

तिसरं, इंजेक्टर. चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या काढून चार सारख्या पारदर्शक बाटल्यांत सोडायच्या, टाकीकडे जाणारी नळी बंद करायची आणि तीन-चार मिनिटं आयडलला चालवायची. चारही बाटल्यांत डिझेल साधारण सारखं हवं. एखादीत दुप्पट आलं तर तो इंजेक्टर आतून गळतोय. सकाळी स्टार्टर लांबत असेल तर कारण बहुधा हेच. फिटर आधी बॅटरी बदलायला लावतात आणि मग ग्लो प्लग (गार इंजिन स्टार्ट करताना तापवणारे). पैसे त्यांचे जात नाहीत.

चौथं, टर्बो. मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये १५०० पासून पूर्ण ॲक्सिलरेटर. दोन हजाराच्या आसपास पाठीत धक्का जाणवला पाहिजे. त्याऐवजी फुस्स असा आवाज आणि मागे काळा धूर आला तर इंटरकूलरचा (टर्बोची हवा थंड करणारा) पाईप फाटलाय किंवा क्लॅम्प निघालाय, काम स्वस्त आहे. गाडी अचानक मेल्यासारखी झाली, आणि किल्ली बंद-चालू केल्यावर परत नीट पळाली, तर टर्बोच्या आतल्या पात्या काजळीने अडकताहेत किंवा ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) चोंदलाय. ईजीआर काढून साफ होतो. पात्या साफ करायला टर्बो उतरवावा लागतो.

पाचवं, क्लच. चौथ्या गिअरमध्ये ४० च्या वेगाला पूर्ण ॲक्सिलरेटर. आरपीएम चढला पण वेग चढला नाही तर प्लेट संपली. नुसता पेडल जड असेल पण प्लेट घसरत नसेल, तरी प्रेशर प्लेटची बोटं झिजलेली असतात. बदलताना प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदम बदला. गिअरबॉक्स उतरवायची मजुरी एकच, बेअरिंगचे पैसे वाचवून ती दोनदा का द्यायची?

कृष्णाकाठ
झाकणाची चाचणी लगेच केली. थोडं थरथरतं, धूर नाही. काळा धूर चौथ्यात जोरात दाबल्यावर येतो. आवाज फुस्स नाही.

तेरा_चौदा_पाना
मग आधी एअर फिल्टर आणि ईजीआर. डिझेल फिल्टरच्या खालचा ड्रेन सैल करून पाणीही काढा, पावसाळ्यानंतर हमखास निघतं. आधी वाटी धरा, डिझेल खाली रबराच्या भागांवर सांडू नका. स्वच्छ डिझेल यायला लागलं की ड्रेन बंद, मग प्रायमर (डिझेल ओढणारा हातपंप) दाबून हवा काढायची.

टॉर्क२००
सुरक्षिततेचं काय? मला वाटतं नवी घ्यायचं खरं कारण तेच असावं.

सह्यवाटा
असावं, पण डोळे उघडे ठेवून. ग्लोबल एनकॅपमध्ये (गाड्या धडकवून सुरक्षितता तपासणारी संस्था) ही दुसऱ्या पिढीची अर्टिगा २०१९ ला तीन तारे घेऊन आली. २०२४ ला आफ्रिकेसाठीच्या, दोन एअरबॅगच्या गाडीला कडक झालेल्या नियमांत एकच तारा मिळाला. दोन्ही वेळा सांगाडा अस्थिर ठरला. २०२५ मध्ये सहा एअरबॅग सर्व व्हेरियंटला दिल्या, ईएसपीही आहे. ओल्या रस्त्यावर वळणात गाडी घसरायला लागली की ईएसपी एकेक चाकाला वेगळा ब्रेक लावून ती सरळ ठेवतो, ही कोकणात कामाची गोष्ट. तुमच्या २०१४ च्या व्हीडीआयमध्ये यातलं काहीच नाही. तेव्हा नवी जुनीपेक्षा सुरक्षित, एवढं नक्की. "टँक आहे" वगैरे कोणी म्हणालं तर सोडून द्या.

आणि सीएनजी गाडीवर टपाचा कॅरियर लावून शंभर किलो सामान चढवलंत की ईएसपीचा अर्धा फायदा तिथेच घालवलात. सिलिंडरमुळे गाडी आधीच ऐंशीएक किलो जड असते, तेही मागच्या ॲक्सलच्या पलीकडे. स्पीडब्रेकरवर मागचा भाग बसतो. पूर्ण लोडला मागच्या टायरचा दाब दारावरच्या स्टिकरप्रमाणे वाढवायलाच हवा, टायर थंड असताना.

देशावरचा_मी
कागदपत्रांचं कोणी बोललं नाही म्हणून. दहा वर्षांनी डिझेल गाडी बंद करायचा दिल्लीतला नियम आपल्याकडे नाही. व्हॉट्सॲपवर घाबरवून जुनी डिझेल गाडी मातीमोल भावाने मागणारे दलाल खूप आहेत. महाराष्ट्रात खासगी गाडीला १५ वर्षांनी पुनर्नोंदणी करायची आणि पर्यावरण कर भरायचा. २०१४ ची गाडी म्हणजे २०२९ पर्यंत चिंता नाही. एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) पाट्या मात्र एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला सक्तीच्या आहेत, त्या नसतील तर विकतानाही अडेल.

नव्या गाडीचं: अर्टिगा चार मीटरपेक्षा लांब आणि १२०० सीसीच्या वर, त्यामुळे २०२५ च्या सप्टेंबरात लहान गाड्यांना १८ टक्के जीएसटी झाला त्यात ती बसत नाही. तिला ४० टक्के. सीएनजीला आपल्याकडे रोड टॅक्सचा दर पेट्रोलपेक्षा कमी आहे, ऑन रोड भाव काढताना दोन्ही कोटेशन शेजारी ठेवा.

अबोली_रत्ना
बाहेरून सीएनजी किट बसवण्याचा विचार कोणी करत असेल तर: आरसी बुकात नोंद करून घ्या, नाहीतर विमा कंपनी दावा नाकारू शकते. शिवाय नव्या इंजिनाची वॉरंटी जाते.

टॉर्क२००
सीएनजी घेतलीच तर देखभाल काय जास्तीची?

तेरा_चौदा_पाना
फार नाही, पण चुकवून चालत नाही. सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) दर तीन वर्षांनी. तारीख प्लेटवर असते आणि ती उलटली की पंपावर गॅस देत नाहीत. एअर फिल्टर पेट्रोलपेक्षा लवकर बघा, गॅसवर मिश्रण जरा बिघडलं तरी गाडी मिसिंग मारते. स्पार्क प्लगचंही तेच, गॅसला पेटायला जास्त व्होल्टेजची ठिणगी लागते, झिजलेला प्लग पेट्रोलवर चालून जातो आणि गॅसवर उघडा पडतो. गॅसवर झटके आणि पेट्रोलवर नीट, असं दिसलं तर थेट इंजेक्टरवर न जाता आधी प्लग, मग गॅस फिल्टर, मग रेग्युलेटर (गॅसचा दाब कमी करणारा).

के१५सीला इंजिनाच्या एका सिलिंडरला दोन असे आठ पेट्रोल इंजेक्टर आहेत. महिनोन्महिने नुसत्या गॅसवर चालवली तर ते जाम होतात. आठवड्यातून आठ-दहा किलोमीटर पेट्रोलवर चालवा आणि टाकीत पाव टाकी ताजं पेट्रोल ठेवा. गाडी तशीही पेट्रोलवरच स्टार्ट होते, मग गॅसवर जाते. गॅस भरायच्या झाकणाला मायक्रोस्विच आहे, झाकण नीट बसलं नाही तर गाडी स्टार्टच होत नाही. पंपावर स्टार्टर मारत बसण्याआधी झाकण दाबून बघा.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे आभार. म्हणजे सात जण आणि सामान असेल तर सीएनजी बाद. मग नवी साधी पेट्रोल?

जमाखर्च
पेट्रोल कंपनीच्या आकड्याने २०.५१, हातात १५-१६. १०५ रुपये लिटर धरून किलोमीटरला साडेसहा-सात रुपये. डिझेलपेक्षा वर्षाला साडेचौदा ते २० हजार जास्त. डिकी, तिसरी रांग, एअरबॅग यांची ही किंमत समजा आणि परवडत असेल तर घ्या.

सह्यवाटा
पेट्रोल घेणार असाल तर सहा गिअरची ऑटोमॅटिक चालवून बघा. २०२२ मध्ये जुना चार गिअरचा डबा काढून हा दिला, टॉर्क कन्व्हर्टर आहे (क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणारा), एएमटी (साधाच गिअरबॉक्स, यंत्राने बदलणारा) नाही. कुंभार्लीत पॅडल शिफ्टर्सने दुसऱ्यात धरून ठेवता येतो, उतरताना तर तसंच उतरा. टोयोटाची रुमियन ही हीच गाडी, वेटिंग कुठे कमी आहे ते दोन्हीकडे विचारा.

तेरा_चौदा_पाना
आणि घाई नसेल तर ईजीआर साफ, क्लच सेट आणि पुढचे लोअर आर्म बुश (सस्पेन्शनचे रबर) एवढं करून ही गाडी आणखी तीन वर्षं चालवा. रिंगा शाबूत आहेत. फक्त एक करा. स्टेपनी गाडीच्या खाली टांगलेली असते आणि तिचा बोल्ट डिकीतून फिरतो. कोकणच्या हवेत तो गंजून बसतो आणि पंक्चरच्या दिवशी जागचा हलत नाही. या रविवारी स्टेपनी एकदा पूर्ण खाली सोडा, बोल्टाच्या आट्या तारेच्या ब्रशने घासा, ग्रीस लावा, हवा ३५ पर्यंत भरून ठेवा.

कृष्णाकाठ
बोल्ट हलेना. गंजलाय. डब्ल्यूडी-४० मारून ठेवलंय.

तेरा_चौदा_पाना
रात्रभर राहू द्या. सकाळी आधी घट्ट करायच्या दिशेला किंचित, मग सैल. एका दमात जोर लावू नका, बोल्टाचं डोकं गोल होईल.